रिठ्यात धुतलेली लोकर

अक्का उन्हाळ्यात माहेरपणाला आली ती पंधरा दिवसांसाठी. आंबे संपले, पाऊस लागला, श्रावणातली मंगळागौर तिने आमच्याकडेच उरकली, गणपती आले नि गेले, तरी तिची ट्रंक आमच्या खाटेखालीच होती. शेजारणी आधी "किती दिवस मुक्काम?" असं विचारायच्या, मग "आहे वाटतं अजून?" असं विचारू लागल्या, आणि गणपतीनंतर त्यांनी विचारणंच सोडून दिलं. तेव्हा आईला खरी काळजी लागली. मुलुंडच्या आमच्या त्या दुमजली इमारतीत लोक तोंडावर विचारत असत तोवर फारसं बिघडलेलं नसे. विचारायचं थांबले की समजावं, आता जिन्यात बोलणं चालू झालं आहे. आई नळावर गेली की दोन घागरी लवकर भरून परत यायला लागली.

सासरी अक्काला कोणी मारलं नाही, की माहेरचा उद्धार केला नाही. निदान तिने तसं कधी सांगितलं नाही. पण ती जेवते कशी, हे आईने पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं. पाटावर बसायची नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दाराकडे पाठ करून उभी राहायची, ताटली हातातच, आणि आपला आमटीभात कालवून होतो न होतो तोच हिची ताटली रिकामी होऊन मोरीत गेलेली असायची. एकदा आईने तिला खांद्याला धरून पाटावर बसवलं, समोर ताट वाढलं, भातावर तूप घातलं आणि आपण समोर बसून राहिली. अक्का म्हणाली, सासरी सांगलीला सगळ्यांचं झालं की जे उरेल ते सुनेने घ्यायचं अशी पद्धत आहे, त्याची सवय लागली, बाकी काही नाही.

"उरायचं का गं?" आईने विचारलं.

"कधी कधी," अक्का म्हणाली, आणि ताकात घालायला मीठ मागितलं.

हे आईने अण्णांना सांगितलं असणार, कारण त्या रात्री अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसले होते. आमचे अण्णा फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून. माणूस वाईट नव्हे, पण कायमचा धास्तावलेला. जन्मभर लोकांच्या घराला लागलेल्या आगी, बुडालेली जहाजं आणि अकाली मरणं यांचे कागद तपासून तपासून त्यांची खात्री झाली होती की जे काही वाईट घडतं ते माणसाने घाईने घेतलेल्या निर्णयातून घडतं. म्हणून ते निर्णय घेतच नसत. "बघू" म्हणत. सहलीला जायचं का, बघू. भिंतीला रंग काढायचा का, बघू. अक्काला परत पाठवायचं का, यावरही त्यांनी पाच महिने बघूच म्हटलं. आई चिडायची, पण मला आता वाटतं की त्यांनी पहिल्याच महिन्यात निर्णय घेतला असता तर तो अक्काच्या बाजूने नक्कीच झाला नसता.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. अण्णा आणि आई बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलत, आणि हळू बोललेलं जास्त ऐकू येतं. मोठी घरी बसली तर धाकटीला कोण करून घेणार, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते सुरू झालं की शेवट मीच मनातल्या मनात पुरा करायची. अक्का जाईल याची मला भीती वाटायची. अक्का जाणार नाही याचीही वाटायची. दोन्ही भीती एकाच पोटात राहतात आणि एकमेकींना काही करत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

मशीन आलं ते खालच्या फिलोमिना नर्सकडून. ही गोव्याची बाई, एकटी राहायची, मोठ्या आवाजात बोलायची आणि त्याहून मोठ्याने हसायची. तिचा भाऊ बोटीवर स्वयंपाकी होता. त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून तिला विणकामाचं मशीन आणून दिलं होतं. टेबलाच्या कडेला आवळून बसवायची एक लांबलचक लोखंडी पट्टी, तिच्यात शंभरावर सुया ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं एक मुठीचं यंत्र, त्याला आम्ही इस्त्री म्हणायचो. इस्त्री एकदा ओढली की खर्रर्र करून एक ओळ विणून व्हायची. अक्का दुपारची तिच्याकडे जाऊन बसायची, पाहता पाहता शिकली. फिलोमिना नैरोबीला बहिणीकडे कायमची जायला निघाली तेव्हा तिने ते मशीन सरळ वर पाठवून दिलं आणि निरोप दिला की माझ्यापेक्षा शकूच्या हाताला ते जास्त ओळखतं. अक्काचं माहेरचं नाव शकुंतला. सासरी ते बदलून वत्सला ठेवलं होतं.

घरात टेबल एकच, अण्णांचं. त्यावर मशीन चढलं आणि अण्णा वर्तमानपत्र घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर गेले. सकाळी पोळ्यांच्या वासात खर्रर्र, दुपारी सामसूम झाली की खर्रर्र, संध्याकाळी दिवा लावताना आई म्हणायची, दोन मिनिटं थांब गं, देवाला ऐकू येऊ दे. मुंबईत लोकरीचं करायचं काय, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने विचारला. आमच्याकडे थंडी म्हणजे नाताळाच्या सुमाराला पहाटे चादर अंगावर ओढायची, एवढीच. (आता त्याच मुलुंडात माझी नातसून एसी लावून रजई घेते, तो भाग वेगळा.) उत्तर अक्कानेच शोधून काढलं. घाटकोपरला स्टेशनजवळ लालजीशेट म्हणून एक कच्छी दुकानदार होता. तो पाचगणीच्या एका निवासी शाळेला गणवेश पुरवायचा, आणि स्वेटर बायकांकडून हाताने विणून घ्यायचा. अक्का मला घेऊन त्याच्याकडे गेली. त्याचं म्हणणं असं की हातच्या विणीत एकसारखेपणा नसतो, दहा बायका म्हणजे दहा तऱ्हा. मशीनवरचा एक नमुना दसऱ्याच्या आत दाखवा, डाळिंबी रंगाचा, दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. पसंत पडला तर दर हंगामाचं काम तुमचं.

याच सुमारास सांगलीहून निरोप आला. अक्काचा नवरा वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता, तेव्हा सासरेच दसऱ्याच्या आधी तिला न्यायला येणार होते, कारण दसऱ्याला घरची सून घरात हवी. निरोप रागाचा नव्हता, उलट फार सभ्य होता, आणि त्यामुळेच त्याला नाही म्हणणं अवघड होतं. अण्णा दोन दिवस घरात फिरत राहिले. मग त्यांनी अक्काला बोलावून सांगितलं की त्या शेटचं काम खरोखरच मिळालं तर व्याह्यांशी बोलायला माझ्यापाशी काहीतरी असेल. नाहीतर मी कुठल्या तोंडाने त्यांना अडवू?  म्हणजे सगळं त्या एका स्वेटरवर आलं.

आणि लोकर नव्हती. फिलोमिनाला लोकर तिचा भाऊ आणून द्यायचा. तिने जाताना दिलेले दोन गुंडे शिकण्यातच संपले होते, आणि त्या मशीनला कुठली लोकर चालते हे सांगणारी पुस्तिका जर्मन भाषेत होती. आम्हां दोघींना वाटलं, लोकर म्हणजे लोकर. दादरहून आम्ही स्वेटर विणायची नेहमीची चौपदरी लोकर आणली, सुंदर मऊ, गालाला लावावी अशी. अक्काने इस्त्री ओढली ती मध्येच अडली. जोर लावला तर कटकन आवाज झाला. या मशीनच्या सुईला पुढे आकडा असतो आणि आकड्यावर मिटणारी एक बारीक जीभ. लोकर जाड पडली आणि तीन सुयांच्या जिभा वाकल्या. जादा सुया फिलोमिनाने दिलेल्या, त्या मोजक्याच. अक्काचा चेहरा असा उतरला की मी ती लोकर घाईघाईने पिशवीत कोंबली, जणू ती दिसेनाशी झाली की नुकसानही नाहीसं होणार होतं. मग आम्ही क्रोशाचा दोरा लावून पाहिला. तो सुरेख चालला, पण विणून जे खाली उतरलं ते पंचासारखं लोंबत होतं. तिसऱ्या खेपेला एका दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलून चमचमणारं बनावट रेशीम आणलं. ते सुईवर टिकेचना, अर्धी ओळ झाली की टाके सुळसुळ करत उतरून जायचे आणि विणलेलं सगळं अक्काच्या मांडीवर येऊन पडायचं.

तेव्हा अक्काने डोकं लढवलं. मशीनमधली एक सुई काढून रुमालात गुंडाळली आणि पाकिटात घेतली. आता ती दुकानात शिरली की रंग बघायची नाही, मऊपणा बघायची नाही. सुई काढायची, लोकरीचा धागा आकड्यात घालायचा आणि बोटाने जीभ मिटून बघायची. जीभ पुरी मिटली नाही की "नको" म्हणून पुढच्या दुकानात. दुकानदार हसायचे. एक जण म्हणाला, बाई, लोकर घ्यायला आलाय की मासे पकडायला? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण अक्काला त्या दिवसांत लाज नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती. मंगळदास मार्केटच्या मागच्या एका गल्लीत, जिथे कारखान्यांना माल जायचा, तिथे आम्हांला ती मिळाली. दुपदरी, बारीक, मोठमोठ्या लडींमध्ये बांधलेली, डाळिंबी. दुकानदार आम्हांला द्यायला तयार नव्हता, म्हणे ही घरगुती नाही. अक्काने सुई काढली. जीभ अलगद मिटली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि उन्हाळ्यापासून पहिल्यांदा मी तिला दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं.

घरी आल्याबरोबर तिने एक लडी सोडून वीतभर तुकडा विणून बघितला. इस्त्री लोण्यातून जावी तशी गेली. अण्णांनीसुद्धा कट्ट्यावरून उठून तो तुकडा हातात घेतला, ताणून पाहिला, आणि "एकसारखी आहे हो," असं म्हणाले. त्या दिवशी आईने रात्री थालीपिठं लावली, आणि अक्का पाटावर बसून जेवली. मी गादीवर पडल्या पडल्या पाचगणीच्या साऱ्या पोरांना डाळिंबी स्वेटर घालून टाकले.

एकच गोष्ट होती. त्या लोकरीला वास येत होता. तेलकट, कुबट, मेंढराचा म्हणा ना. आईने पदर नाकाला लावला. आमच्या घरात लोकर ही मुळात सोवळी गोष्ट. देवपूजेला बसताना आई नेसायची ती धाबळी लोकरीचीच, तिला विटाळ नाही. पण हा वास लोकरीचा नव्हे, असं आईचं ठाम मत पडलं. ती म्हणाली, ही चरबी आहे, गिरण्यांमधून काय काय लावतात कोण जाणे, आणि टेबल देवघरापासून चार हातांवर आहे. अक्का म्हणाली, बघू उद्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी घाटकोपरला गळ्याचं आणि बाहीचं माप नीट विचारून घ्यायला गेलो. परत आलो तर गॅलरीतल्या काठीवर सगळ्या लडी ओळीने वाळत होत्या आणि खाली डाळिंबी पाण्याचे थेंब पडत होते. आईने रिठे उकळून, त्याच्या कोमट फेसात, आपली धाबळी आणि शालू धुते तसे हळुवार हातांनी सगळ्या लडी धुतल्या होत्या, पिळल्या नव्हत्या, सावलीत टाकल्या होत्या. घामाने डबडबलेली होती, पण खूश होती. अक्काने एक लडी नाकाशी धरली आणि म्हणाली, किती छान केलंस गं. मलाही तसंच वाटलं. वाटू नये असं त्यात काही नव्हतंच. नवं कापड घरात आलं की आधी पाण्यातून काढायचं, आणि जपायची वस्तू असेल तर रिठ्यातून, ही आमच्याकडची रीतच होती.

दुसऱ्या दिवसापासून लोकर तुटायला लागली. चार ओळी झाल्या की तटकन तुटायची. जोडून घ्यावी तर पुढच्या ओळीला कुठेतरी टाका गळायचा, आणि गळलेला टाका शिडीसारखा खालपर्यंत उसवत जायचा. इस्त्री अडखळायला लागली. आम्हांला वाटलं, मशीन बिघडलं. अक्काने सगळ्या सुया काढून पुसून परत घातल्या, इस्त्रीला शिवणयंत्राचं तेल दिलं. मग वाटलं, वाऱ्याने होतंय, म्हणून खिडक्या लावल्या. भाद्रपद सरत आलेला, मुंबईतलं ते चिकट ऊन, बंद खोलीत आम्ही दोघी घामाने निथळतोय. मग वाटलं, हाताच्या घामानेच धागा धरतोय, तेव्हा मी शेजारी बसून हातावर राख घेऊन धागा बोटांतून सोडू लागले. तरी तुटायचीच. मग अक्काला वाटायला लागलं की तिच्या हातातच काहीतरी आहे. ती तसं बोलली नाही, पण ओळ ओढायच्या आधी थांबायची, डोळे मिटायची, आणि मगच इस्त्रीच्या मुठीला हात लावायची.

घरात कोणी मोठ्याने बोलेनासं झालं. खर्रर्र सुरू झालं की स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबायचं, आणि आवाज मध्येच तुटला की आई "शिव शिव" म्हणून परत लाटायला लागायची. अण्णा कट्ट्यावर वर्तमानपत्र उघडून बसत, पण पान उलटत नसत. घटस्थापना झाली. देवीपुढच्या मातीत गव्हाचे कोंब वर यायला लागले आणि स्वेटरची पाठसुद्धा पुरी होत नव्हती. मी रोज सकाळी उठले की आधी ते कोंब किती बोटं वाढले हे लांबूनच मोजायची. आज हे लिहिताना हसू येतं, एका पोराच्या स्वेटरपायी चार माणसांनी अन्नपाणी गोड लागू दिलं नाही. पण ते कोंब मला अजून आठवतात, रोज किती बोटं वाढत होते तेही.

अखेर धुतलेली लोकर अशीच तुटून वाया जात राहिली तर पुरणार नाही असं दिसायला लागलं, तेव्हा अक्काने पहिल्या दिवशीचा तो वीतभर तुकडा उसवायला घेतला. तेवढीच चार हात लोकर मिळेल म्हणून. उसवलेला धागा पाहिलाय कधी? मॅगीच्या शेवयांसारखा वेटोळलेला असतो. असला धागा मशीनवर चालणं शक्यच नाही, असं मी तिला सांगितलंसुद्धा. तिने तो लावला, इस्त्री ओढली, आणि ती सरळ गेली. परत ओढली, परत सरळ. सहा-सात ओळी एकही टाका न गळता झाल्या. मग उसवलेला धागा संपला, धुतलेला लागला, आणि तटकन तुटला.

 अक्काने आपली बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली, आणि माझ्यापुढे धरली. बोटं ओशट होती आणि त्यांना तोच तो मेंढराचा वास होता. तो तुकडा धुण्यातून राहून गेला होता. गिरणीत लोकरीला तेल लावतात ते ती सुईवरून घसरावी, तुटू नये म्हणून, आणि ते धुवायचं असतं विणून झाल्यावर, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचायला मिळालं. अक्काला ते तिच्या बोटांनी सांगितलं.

आई दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.  तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. ती म्हणाली, "मीच घालवलं की गं तुझं," आणि आत निघून गेली.  मी रडायला लागले, अक्काने मला गप्प राहायला सांगितलं. आतून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत राहिले. मला वाटलं, आई रागाने आदळआपट करते आहे. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मेणाचा एक काळपट गोळा होता, दोऱ्याच्या खाचांनी भरलेला. गोधडी शिवताना आई प्रत्येक दोरा त्या मेणावरून ओढून घ्यायची, म्हणजे दोरा तंतू सोडत नाही आणि जाड थरांतून सरसर जातो. तिने जमिनीवर बैठक मारली आणि एक लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवली.

त्या संध्याकाळी आम्ही सगळी लोकर मेणावरून काढली. मी हात पसरून लडी धरलेली, मध्ये आई अंगठ्याखाली मेण दाबून, पलीकडे अक्का गुंडा वळतेय. आईचं सगळं लक्ष अंगठ्यावर. जास्त मेण लागलं तर धागा चिकटतो, कमी लागलं तर काही उपयोग नाही, ते तिला दोन लडींत साधलं. अण्णा ऑफिसातून आले, चहा कोणी टाकलेला नव्हता, त्यांनी विचारलाही नाही. बूट काढले आणि दिवा आमच्या जवळ आणून ठेवला. पहिला गुंडा मशीनवर चढवला तेव्हा अक्काने माझा हात धरून इस्त्रीच्या मुठीवर ठेवला, म्हणाली, तू ओढ, माझ्याच्याने होत नाही. मी ओढली. खर्रर्र करून ती त्या टोकाला जाऊन थांबली, आणि खाली एकही टाका गळलेला नव्हता.

तरी वेळ हातातून गेलाच होता. खंडेनवमीला पाठ, पोट आणि एक बाही झालेली, दुसरी बाही मशीनवर. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची आणि त्यांना विश्रांती द्यायची. आईने सकाळी विळी, कातरी आणि अण्णांचं पेन यांच्याबरोबर मशीनलाही हळदकुंकू वाहिलं, इस्त्रीवर झेंडूचं फूल ठेवलं. मग तिनेच अक्काला सांगितलं, फूल काढ, हात जोड आणि बस. आणि आपण आत जाऊन दशम्या करायला घेतल्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दोघांची शिदोरी तिने फडक्यात बांधून फडताळात ठेवली. कोणासाठी हे विचारायची गरज नव्हती, सासरे अक्काला न्यायला त्याच दिवशी यायचे होते. मला इतका राग आला की मी तिच्याशी बोलले नाही.

ते दुपारी आले. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, काळी टोपी, हातात सांगलीच्या हळदीची पुडी आईसाठी आणलेली. वाईट वागावं असा माणूस मुळीच नव्हता. त्यांच्या घरात सून काय जेवते हे त्यांना ठाऊक नसेलही, कारण ते पहिल्या पंगतीला जेवत. त्यांनी चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि मग आतल्या खोलीकडे पाहून मायेने हाक मारली, "वत्सला, आवर हो. संध्याकाळची गाडी आहे."

खर्रर्र थांबलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला नाही, हातातच धरला. मग अण्णा बोलले, आणि त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही, इतका बारीक होता. "तिच्या हातात काम आहे. ते अर्धवट टाकून तिला पाठवता येणार नाही."

व्याही हसले. म्हणाले, "मग होऊ द्या की पुरं. मी काही घोड्यावर बसून आलेलो नाही. आज नाही तर उद्याची गाडी. किती वेळ लागेल?"

 अण्णांनी जेवढं धैर्य गोळा केलं होतं ते त्या एका वाक्यात संपलं होतं, हे मला दिसत होतं. ते नुसते आतल्या दाराकडे पाहू लागले, मग मीही, आईही. अक्का दारात आली. डोक्यावरून पदर घेतलेला, हाताला डाळिंबी तंतू चिकटलेले. सासऱ्यांपुढे ती आजवर "हो" याच्या पलीकडे कधी बोलली नव्हती.

"ते संपायचं काम नाही, मामंजी," ती म्हणाली.

स्वेटर अजून लालजीशेटने पाहिलेलासुद्धा नव्हता. मुदत उलटली तरी त्याला तो पसंत पडला, पण ते दसऱ्यानंतर, आणि त्या घडीला आमच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नव्हतं. व्याह्यांनी अण्णांकडे पाहिलं, मुलीला दोन शब्द सुनावतील म्हणून वाट पाहिली. अण्णांनी मान खाली घातली. ते घाबरले होते, पण त्यांनी तिला आत जा म्हटलं नाही.  मग आई उठली. फडताळातून शिदोरी काढून ती सगळ्यांच्या समोर जमिनीवर बसली, फडक्याची गाठ सोडली, अंदाजाने अर्ध्या दशम्या उचलून परातीत काढून ठेवल्या, चटणीची एक पुडी बाजूला केली, आणि फडकं पुन्हा नीट बांधून व्याह्यांपुढे ठेवलं.

"एकट्याला पुरेल एवढं आहे," ती म्हणाली.